पाण्यावरची ‘माशी’: निवळी की चिलट?

संथ पाण्यावर सरसर पळणाऱ्या बारीक माश्यांना मराठीत काय म्हणतात, आणि ‘पाणमाशी’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

आधी तो जीव पळतो कसा ते बघा. लांब, काडीसारखे पाय फाकून झटक्याझटक्याने सरकत असेल, तर ती निवळी किंवा पाणनिवळी. ती माशी नव्हेच, ढेकणाच्या गोतातली आहे. मधले पाय वल्ह्यासारखे मारायचे, पुढच्या आखूड पायांनी पाण्यात पडलेला किडा धरायचा आणि सोंड खुपसून रस शोषायचा, हा तिचा उद्योग. तिच्या भारानं पृष्ठताणाचा पडदा, म्हणजे पाण्याचा वरचा ताणलेला थर, फाटत नाही, पायांखाली नुसता दबून खळगे पडतात. उथळ पाण्यात, ऊन असताना तळाशी बघा. पायांच्या त्या सडपातळ टोकांखाली चांगले टपोरे, गोल सावलीचे ठिपके पडलेले दिसतात. ती त्या खळग्यांची सावली.

मी स्वतः ‘पाणनिवळी’च लिहितो, कारण नुसती ‘निवळी’ म्हणजे गढूळ पाणी निवळण्यासाठी उगाळतात ती बीसुद्धा. बीचं नाव ‘निवळणे’वरून आलं. किड्याचं नावही तिथूनच आलं म्हणावं असा मोह होतो खरा, पण नुसत्या उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती ठोकून देऊ नये.

काळाभोर, चकचकीत ठिपका गरगर गिरक्या घेत असेल, तर तो भुंगेरा. त्याचे डोळे दुभागलेले असतात, एक जोडी पाण्यावर बघायला, एक पाण्याखाली.

खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन इवल्या गुंड्या उरलेल्या असतात. अशा काही माश्या खरोखर पाण्यावर चालतात, काठाच्या ओल्या चिखलावरही दिसतात. त्यांना ‘पाणमाशी’ खुशाल म्हणा. संध्याकाळी पाण्यावर ढगासारखा घोळका करतात ती मात्र चिलटं, कुणी घुंगुरटी म्हणतात.

तळ्याकाठी माश्या मारत बसण्याची सवय असल्यामुळे जाता जाता एक टोचणी लावतो. लिहिताना ‘माश्यांचा थवा’ असा ‘श्या’ सांभाळा. पाण्याच्या संदर्भात ‘माशांचा थवा’ लिहिलंत, तर वाचणारा मासे शोधत बसेल.