राखीव गोलरक्षकाला पदवी कशाला हवी?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपला सतरा वर्षांचा मुलगा गोलरक्षक आहे, या हंगामात संघाने त्याला राखीव ठेवले आहे, आणि पुढच्या शिक्षणाचा विषय काढला की तो नेदरलँड्सचा फुटबॉल गोलरक्षक एडविन व्हॅन डर सार याचा दाखला देतो: तो चाळिशीपर्यंत खेळला, नंतर आयाक्स या डच क्लबचा प्रमुख झाला, मग मला पदवी कशाला हवी? दाखला त्याने फार चांगला निवडला आहे. मात्र त्या कारकिर्दीतल्या मधल्या वर्षांकडे त्याचे लक्ष गेलेले दिसत नाही.

व्हॅन डर सार आयाक्सकडून पहिला सामना 1991 मध्ये खेळला, पण स्टॅन्ली मेन्झो हा अनुभवी गोलरक्षक संघात असल्यामुळे त्याला हक्काची जागा मिळायला 1993 उजाडले. पुढे 1995 मध्ये त्याने चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली आणि 1999 मध्ये तो युव्हेंटस या इटालियन क्लबात गेला. तिथे दोनच वर्षांनी क्लबने जियानलुइजी बुफॉन या गोलरक्षकाला आणले, तेव्हा तीस वर्षांच्या या डच आंतरराष्ट्रीय गोलरक्षकाने मोठ्या क्लबात बाकावर बसण्याऐवजी, नुकत्याच प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत आलेल्या फुलहॅमकडून चार हंगाम खेळणे पत्करले. हा निर्णय मला त्याच्या सगळ्या चषकांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण गोलरक्षक सामने खेळूनच तयार होतो आणि संघात त्याची जागा एकच असते. मँचेस्टर युनायटेडने त्याला 2005 मध्ये घेतले तेव्हा तो 34 वर्षांचा होता.

त्या वयात बहुतेक आघाडीपटूंचा वेग ओसरू लागलेला असतो. गोलरक्षकाला मात्र योग्य जागा धरणे आणि समोरच्याचे मन ओळखणे वयाबरोबर अधिक साधते. मॉस्कोत 2008 मध्ये मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी यांच्यात झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याचे चित्रण आपण मुलासोबत बसून पाहावे. पेनल्टी शूटआउटमध्ये चेल्सीचे बहुतेक फटके व्हॅन डर सारच्या डावीकडे गेले होते. चेल्सीचा निकोला अनेल्का चेंडूसमोर उभा राहिला, तेव्हा व्हॅन डर सारने हात लांब करून आपल्या डावीकडेच बोट दाखवले. अनेल्काने चेंडू दुसऱ्या बाजूला मारला, आणि तिकडेच झेपावून त्याने तो अडवला. तेव्हा तो 37 वर्षांचा होता.

आता निवृत्तीविषयी. नेदरलँड्सकडून 130 सामने खेळलेला हा गोलरक्षक मे 2011 मध्ये निवृत्त झाला आणि त्यानंतर क्रीडाव्यवस्थापन शिकला. आयाक्सने 2012 मध्ये त्याला विपणन संचालक नेमले. मुख्य कार्यकारी अधिकारी तो 2016 मध्ये झाला आणि 2023 पर्यंत त्या पदावर राहिला. म्हणजे आपला मुलगा जे टाळू पाहतो आहे, ते त्याच्या आदर्शाने चाळिशीनंतर केले. त्या वयात निवांतपणे शिकता येईल एवढे नाव आणि पैसा त्याच्यापाशी होता. दुखापतीमुळे पंचविशीत खेळ सुटलेल्या गोलरक्षकापाशी यातले काहीच नसते, आणि असे खेळाडू मी समोर बसलेले पाहिले आहेत. म्हणून पदवीचा आग्रह आपण सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सराव बुडणार नाही असा अभ्यासक्रम निवडावा आणि विषय त्याच्या आवडीचा असू द्यावा.

राहिला राखीव ठेवल्याचा प्रश्न. या हंगामात किती सामने मिळतील, हे मुलाने प्रशिक्षकांना स्वतः विचारावे. आपण मध्ये पडू नये. उत्तर 'फारसे नाहीत' असे आले, तर पुढच्या हंगामात त्याने खालच्या श्रेणीतल्या संघाकडून नियमित खेळावे. त्याला हे कमीपणाचे वाटेल. त्या वेळी त्याच्याशी फुलहॅमच्या त्या चार हंगामांविषयी बोला.

आपला,
करिअर मार्गदर्शक