शेजारचा कुत्रा मुलाला चावला, तर?
वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

पाळीव कुत्रा आणि लहान मूल या विषयावर आलेल्या पत्रांमधून निवडक पत्रं इथं घेतली आहेत. उत्तरं बालरोगतज्ज्ञ, पशुवैद्य आणि वकील अशा तिघांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा ५ वर्षांचा, वजन १६ किलो. समोरच्या फ्लॅटमधला लॅब्राडॉर जिन्यात त्याच्या पोटरीला चावला. दोन दात रुतले, रक्त आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्यात, इंजेक्शनची काही गरज नाही." सासूबाईंनी हळद भरली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लस दिली आणि जखमेत सीरम द्यायला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. लस दिली असताना सीरम कशाला? मुलाला उगाच जास्त सुया नकोत असं वाटतं.
— एक आई, ठाणे

उत्तर : आज पहिल्या डोसपासून ७ दिवस झाले नसतील तर पत्र खाली ठेवा आणि सीरमसाठी निघा. बाकीचं नंतर वाचा.

लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिकारद्रव्यं तयार करतं, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात जखमेतला विषाणू नसेत शिरला तर मागून आलेली लस त्याला गाठू शकत नाही. सीरम, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, हे तयार प्रतिकारद्रव्य असतं आणि ते विषाणूला जखमेतच निकामी करतं. लशीच्या पहिल्या डोसबरोबरच ते देणं उत्तम. राहिलं असेल तर पहिल्या डोसपासून ७ दिवसांपर्यंत देता येतं. त्यानंतर देऊ नये, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिकारद्रव्यं तयार होऊ लागलेली असतात.

मात्रा वजनावर ठरते. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं किलोला २० युनिट. तुमच्या मुलाला पहिलं ६४० किंवा दुसरं ३२० युनिट लागेल. बाजारात नेहमी मिळणाऱ्या बाटल्यांच्या हिशोबाने दोन्ही साधारण २ मिलीच भरतं. मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेलं प्रतिकारद्रव्य, हा आता तिसरा पर्याय आहे. त्यातलं एक औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं आहे. त्यांची मात्रा वेगळी असते, ती डॉक्टर पाहतील.

मात्रेइतकंच महत्त्व जागेला आहे. सीरम जखमेच्या आत आणि कडेने भरायचं असतं, प्रत्येक दाताच्या खुणेत. ते दुखतं, मूल रडतं, म्हणून कुठे कुठे सगळं सीरम दंडात किंवा कुल्ल्यात टोचून मोकळे होतात. त्याने हवा तो उपयोग होत नाही. जखमा जास्त आणि सीरम कमी पडत असेल तर ते सलाईनमध्ये पातळ करून पुरवतात. "जखमेतच देणार ना?" असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. घोड्याच्या सीरमची क्वचित रिअ‍ॅक्शन येते, म्हणून ते जिथे तातडीच्या उपचारांची सोय आहे अशाच ठिकाणी घ्यावं आणि नंतर थोडा वेळ तिथेच थांबावं.

आता हळदीबद्दल. चाव्यावर हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल, कॉफी पावडर यांतलं काहीही भरू नये. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं. म्हणून नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. अंदाजाने धुतलं की दोन मिनिटांतच "झालं" असं वाटतं. कपड्यांचा साबणही चालेल. मग पोव्हिडोन आयोडिन लावावं. पट्टी घट्ट बांधू नये, जखम उघडी ठेवावी. टाके शक्यतो टाळतात. चेहऱ्यावर किंवा मोठ्या जखमेत घालावेच लागले तर आधी सीरम भरून, मग सैल टाके. तुमच्याकडे हळद भरून झाली असली तरी तीही धुऊन काढा. उशिरा धुणंसुद्धा फुकट जात नाही.

लशीच्या तारखा पहिल्या डोसपासून मोजायच्या, चाव्यापासून नाही. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात : दोन्ही दंडांवर ०.१ मिली, आणि दिवस ०, ३, ७, २८. पहिला डोस ३ तारखेला झाला असेल तर पुढचे ६, १० आणि ३१ तारखेला. खासगी दवाखान्यात स्नायूत देण्याची पद्धत जास्त, त्यात मधे १४ व्या दिवसाचा एक डोस वाढतो. मुलांची मात्रा मोठ्यांएवढीच असते. स्नायूतली लस दंडात किंवा लहान मुलाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यावी, कुल्ल्यात कधीच नाही. तिथल्या चरबीमुळे लस नीट लागू पडत नाही. एखादी तारीख हुकली तर लगेच जाऊन घ्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. सुरुवात ज्या पद्धतीने झाली तीच शेवटपर्यंत ठेवणं बरं.

धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, ते लसीकरणाचं कार्ड पाहून ठरेल. हाताच्या, चेहऱ्याच्या आणि खोल जखमांना बहुतेक वेळा अँटिबायोटिकही देतात. पहिल्या एकदोन दिवसांत जखमेभोवती लाली, सूज, ठणका वाढला तर पुढच्या डोसची वाट न पाहता दाखवा.

आणि काकूंच्या "गरज नाही" ला नम्रपणे नकार द्या. त्या खोटं बोलताहेत असं नव्हे. पण कुत्र्याला लस दिलेली असणं आणि ती लागू पडलेली असणं यात फरक असू शकतो, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांनी कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक दाखवलं. त्यात 'नाइन-इन-वन' असं स्टिकर आहे. हे पुरेसं का? आणि कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा म्हणतात, ते नेमकं कसं?
— कोथरूड, पुणे

उत्तर : पुरेसं नाही. नाइन-इन-वन या कुत्र्यांच्या एकत्रित लशीत रेबीजची लस असतेच असं नाही, ती बहुतेक वेळा वेगळी टोचतात. पुस्तकात रेबीजच्या लशीचं वेगळं स्टिकर, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख, पुढची तारीख आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक पाहा. पिल्लाला पहिली रेबीज लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, मग बूस्टर, मग दरवर्षी. पहिली लस गेल्याच आठवड्यात दिली असेल तर तिच्यावर विसंबू नका.

१० दिवसांचं गणित असं : कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो आजार दिसण्याच्या फार तर काही दिवस आधी. म्हणजे चावताना लाळेत विषाणू असेल तर कुत्रा १० दिवसांच्या आत आजारी दिसेल किंवा मरेल. हा नियम फक्त कुत्र्याला आणि मांजराला लागू आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांना नाही.

या काळात कुत्रा घरातच राहावा, गावी किंवा दुसऱ्याच्या घरी पाठवू नये. पाहायचं काय, तर : खाणं सोडणं, गिळता न येणं, लाळ गळणं, भुंकण्याचा आवाज बदलणं, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसणं, लाकूड-दगड चावत सुटणं, मागचे पाय लुळे पडणं. 'पिसाळलेला' म्हणजे अंगावर धावणाराच असं नाही, काही कुत्रे उलट मलूल होतात. त्या कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालणं सर्वांत धोक्याचं.

कुत्रा मेला तर पुरून टाकू नका. लगेच महापालिकेच्या किंवा पशुसंवर्धन खात्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा. मेंदूचा नमुना तपासला की निदान पक्कं होतं. कुत्रा १० दिवसांनी ठणठणीत असेल तर उरलेल्या डोसांचं काय करायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण निरीक्षण संपेपर्यंत लस थांबवून ठेवायची नाही. लस पहिल्या दिवशी सुरू होते, निरीक्षण तिच्या जोडीने चालतं.

प्रश्न : मुलीच्या पँटवरून कुत्र्याचा दात लागला. रक्त नाही, फक्त लाल रेघ. लस घ्यायची का? पोटात चौदा इंजेक्शनं म्हणून ती घाबरली आहे.
— नाशिक

उत्तर : घ्यायची. चाव्याचे तीन गट धरतात. अखंड कातडीला नुसतं चाटलं किंवा स्पर्श झाला तर धुणं पुरतं. रक्त न येता ओरखडा किंवा खरचटलं असेल तर लस. दात आरपार गेला, रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली तर लस आणि सीरम दोन्ही. चांगल्या उजेडात नीट पाहा. रक्ताचा टिपूस दिसला तरी तिसऱ्या गटात धरा.

पोटातली चौदा इंजेक्शनं ही जुन्या, मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लशीची आठवण. आजी-आजोबांच्या तोंडून ती अजून ऐकू येते, पण भारतात ती लस बंद होऊन वीस वर्षं उलटली.

प्रश्न : सातवीतल्या मुलाने तीन आठवड्यांनी सांगितलं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा त्याला चावला होता. ओरडा बसेल म्हणून गप्प राहिला. आता उशीर झाला का?
— कोल्हापूर

उत्तर : त्याला रागावू नका, पुढच्या वेळीही सांगेल असं वागा. तोच कुत्रा आज डोळ्यांसमोर धडधाकट असेल तर त्या चाव्यातून रेबीजची भीती उरत नाही. 'तोच' हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलाला सोबत घेऊन दुरून ओळख पटवा. कुत्रा मेला, हरवला, दुसरीकडे दिला किंवा ओळखीबद्दल शंका असेल तर आजच जाऊन लस आणि जखमेच्या गटाप्रमाणे सीरम सुरू करा. रेबीज दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित त्याहून जास्त. त्यामुळे उशिरा सुरू केलेल्या उपचारालाही अर्थ असतो. डोकं, मान, चेहरा इथला चावा असेल तर हा काळ कमी होतो आणि लहान मुलांना उंचीमुळे नेमका तिथेच चावा बसतो.

प्रश्न : शेजाऱ्यांचा जर्मन शेफर्ड पट्ट्याशिवाय खाली सोडतात. याआधी वॉचमनला चावला होता, आता माझ्या मुलीला चावला. पोलीस म्हणतात, "आपसात मिटवा." सोसायटीत काहींचं म्हणणं की कुत्राच बाहेर काढायचा. नेमकं काय करता येतं?
— नवी मुंबई

उत्तर : भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ यासाठीच आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवनीय धोका असताना जाणूनबुजून वा निष्काळजीपणे पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना दंड संहितेचं जुनं कलम २८९ लागतं. गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र आहे. मालक यात तुरुंगात जातच नाही असं समजू नका : २०१० मध्ये मुंबईत एका रॉटवायलरने वृद्ध नातेवाइकाला चावल्याच्या प्रकरणात गिरगावच्या न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली.

पण कलम कुत्रा चावला म्हणून लागत नाही, निष्काळजीपणा दाखवावा लागतो. तुमच्या बाबतीत वॉचमनची आधीची घटना हाच सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे. त्याचं लेखी निवेदन आणि उपचाराचा कागद मिळवा. जखमेचे फोटो धुण्याआधी पटकन एक आणि नंतर रोज एक घ्यावेत; मात्र फोटोसाठी धुणं थांबवू नये. दवाखान्याच्या केसपेपरवर 'कुत्रा चावला' एवढंच न लिहिता 'पाळीव कुत्रा', ठिकाण, वेळ आणि जखमेचा गट लिहून घ्या. सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याचं पत्र सेक्रेटरीला त्याच दिवशी द्या. तक्रार लेखी करून पोहोच घ्या. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवता येतं, आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. उपचाराचा खर्च शेजारी द्यायला तयार असतील तर तोही चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

कुत्रा बाहेर काढण्याचा ठराव मात्र करू नका. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने स्पष्ट केलेलं आहे. आणि दबावाखाली मालकाने कुत्रा रस्त्यावर सोडला तर १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तोच गुन्हा ठरू शकतो. शिवाय रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर कोण ठेवणार? कमिटीने मालकाकडे महापालिकेचा श्वान परवाना आणि चालू वर्षाच्या रेबीज लशीचा दाखला मागावा, सामाईक जागेत आखूड पट्टा लावण्याबद्दल लेखी कळवावं. हे मागितल्यावर परवानाच नाही असं निघालं तर महापालिकेकडे तक्रारीला स्वतंत्र कारण मिळतं.

प्रश्न : आमचाच कुत्रा शेजारच्या मुलीला चावला. माफी मागितली, पण ते बोलत नाहीत. आम्ही आणखी काय करावं?
— सांगली

उत्तर : रेबीज लशीच्या नोंदीची प्रत न मागता द्या, मग ती अपुरी का असेना. लपवलेली तारीख मुलीच्या उपचारावर परिणाम करू शकते. लस आणि सीरम सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, पण खासगीत घेतलं तर खर्च उचला; माणसाच्या रक्तापासूनचं सीरम महाग असतं. १० दिवस कुत्रा घरात ठेवून तब्येतीचा निरोप रोज त्यांना पाठवत जा, उत्तर आलं नाही तरी. निरीक्षणाच्या काळात त्याला रेबीजचा नवा डोस टोचून आणू नका. लशीने आलेली मरगळ आणि आजाराची मरगळ यांत गोंधळ होतो. अकराव्या दिवशी पशुवैद्याला दाखवून तब्येतीचा दाखला घ्या आणि बूस्टर राहिला असेल तर तेव्हा द्या. तो का चावला तेही तपासून घ्या : कानाचा किंवा सांध्याचा ठणका असलेला शांत कुत्रासुद्धा हात लावला की चावतो. जेवताना, झोपेत किंवा हाड चघळताना मुलं जवळ जाणार नाहीत, एवढं तरी दार बंद ठेवून साधता येतं.

तुमच्या घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधीच प्रतिबंधक रेबीज लस देण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला. तो कोर्स पूर्ण झालेला आणि नोंद जपलेली असेल तर नंतर चावा बसल्यावर दिवस ० आणि ३ असे दोनच डोस लागतात, सीरम लागत नाही.