ग्रुपवर दोनशे जण, सात रस्त्यावर तू एकटी

*मावशी, मी २६ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. भटक्या कुत्र्या-मांजरांना मदत करणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे. रात्री-अपरात्री मेसेज येतात आणि मीच धावते. गेल्या महिन्यात निम्मा पगार जनावरांच्या डॉक्टरांकडे गेला. घरात मांजराची चार पिल्लं आणि आईला दमा. परवा तिला दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून सात रस्त्यावरच्या जखमी कुत्र्याकडे गेले नाही. ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘फोटोपुरतं प्रेम.’ तेव्हापासून झोप नाही. ग्रुप सोडू का?*

अगं, ते लिहिणारा स्वतः का नाही गेला?

फोटो पडतो, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, मग कुणीतरी विचारतं, ‘जवळ कोण आहे?’ आणि तुझं नाव निघतं. तू आजवर कधी नाही म्हणाली नाहीस, एवढंच त्याचं कारण. ग्रुप सोडू नकोस. आज रात्रीच तिथं लिही: बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी मी येईन, एरवी नाही. ज्याला जनावर दिसलं, त्यानं मदत येईपर्यंत तिथंच थांबायचं. बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि पैसे ज्यानं त्यानं थेट डॉक्टरांना पाठवायचे. दोघं-तिघं रुसतील. रुसू देत.

‘आमच्या गल्लीतलं कुत्रं लांब सोडून या’ असे निरोप तर घेऊच नकोस. कानाला खाच दिसली म्हणजे त्याची नसबंदी झालेली आहे, आणि केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्याला त्याच्याच भागात परत सोडायचं असतं.

आता घरचं. दम्याच्या माणसाच्या खोलीत मांजरं नकोत. पिल्लांना या आठवड्यात दुसऱ्या घरी हलव, ग्रुपवरचे हात जोडणारे आता उपयोगी पडू देत. पिल्लं कायमची देताना मात्र नसबंदीचं कबूल करून घे. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, मग दोन महिन्यांत आणखी चार तुझ्याच दारात.

आणि तू रेबीजची लस घेतलीयस का? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही, म्हणून मला धास्ती वाटते. रोज कुत्री हाताळणाऱ्यानं ती चावण्याआधीच घ्यायची असते. तरीही चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. तिखट, चुना असलं काही लावायचं नाही, आजी कितीही म्हणू दे. घरातली एखादी विटलेली सोलापुरी चादर गाडीच्या डिकीत ठेव. जखमी कुत्र्याला उचलायला तिच्याइतकं दणकट दुसरं काही मला तरी माहीत नाही.

सात रस्त्यावरच्या त्या कुत्र्याचं पुढं काय झालं, हे तू लिहिलं नाहीस. ग्रुपवर विचार. दोनशेतल्या एकाला तरी ठाऊक असेल, कारण तोच तिथं गेला असेल. त्याचा नंबर वेगळा जपून ठेव. बुधवारी त्याला सोबत घे.

— मावशी