पहिलं स्टेशन लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं

मॉडेल रेल्वेच्या पहिल्या छोट्या स्टेशनासाठी महागडं किट एवढ्यात घेऊ नकोस. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका जमव. पुठ्ठा घट्ट असतो, ब्लेडने कड साफ कापली जाते. (गणपतीचं चित्र तेवढं आधी बाजूला काढ, नाहीतर आई ओरडेल.)

एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक प्रमाण, १:८७, म्हणजे सगळं खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. त्यात सात फुटी दार साधारण २४ मिमी. माझं पहिलं दार ४० मिमीचं झालं होतं. शेजारचा स्टेशनमास्तर बालवाडीतला वाटायचा.

खरी मजा पत्र्याच्या छपरात आहे. पोळ्या गुंडाळायची फॉइल फणीच्या दातांवर ठेव आणि बोथट पेन्सिलीने प्रत्येक फटीत हलकेच दाबत जा. मग २८ बाय ९ मिमीचे तुकडे काप, म्हणजे आठ फुटी पत्रे झाले. खालच्या ओळीपासून सुरुवात करून वरची ओळ थोडी चढवत चिकटव. एखादा पत्रा मुद्दाम तिरका बसव. शेवटी कोरड्या ब्रशने गेरूची पूड लाव, जास्त करून खालच्या कडेला, कारण पाणी तिथे रेंगाळतं आणि गंजही तिथेच धरतो.

फेव्हिकॉल पातळ करू नकोस, भिंती वाकतात. आतून काडेपेटीच्या काड्यांचा आधार दे आणि रंग दोन्ही बाजूंनी लाव. खिडक्यांना पत्रिकेच्याच पाकिटाचं पारदर्शक प्लॅस्टिक चालतं.