तारा उपटू नका, आधी मोजा

प्रश्न : अकोट्याला आमचा दुमजली बंगला आहे. 2003 साली सासऱ्यांनी चोरांसाठी तारेचा अलार्म बसवून घेतला : सहा झोन (पॅनल वेगवेगळे ओळखतं असे घराचे भाग), दारा-खिडक्यांना चुंबकाचे स्विच, दिवाणखान्यात हालचाल टिपणारा एक मोशन सेन्सर, पॅनल म्हणजे मुख्य पेटी जिन्याखाली. लँडलाइन काढल्यापासून त्याचा फोन लागत नाही. गच्चीच्या दाराचा झोन दोन उत्तरायणांपूर्वी बायपास केला, म्हणजे तेवढाच बंद ठेवला, तो तसाच आहे; चालू केला की पॅनल ओरडत सुटतं. नवा माणूस म्हणतो, सगळं काढा, वायरलेस करा. काय करावं? घराला रंग नुकताच दिलाय.
— एक वाचक, बडोदे

उत्तर : ताई, भिंतीतली तांब्याची तार वीस वर्षांत सहसा काही मरत नाही. सतावतात तिची टोकं. तुमच्याकडे म्हातारं झालंय ते पॅनल, बॅटरी आणि मोशन सेन्सर. तेवढंच बदला, रंगाला फारसा हात लागणार नाही.

आधी मोजणी. पॅनलची वीज बंद करून बॅटरी सुटी करा, उघड्या पॅनलचे फोटो काढा आणि तारांच्या प्रत्येक जोडीला चिकटपट्टीवर नाव लिहा. मग गच्चीच्या झोनची जोडी सोडवून तिला मल्टिमीटर लावायला सांगा. झोनच्या तारेत एक बारीकसा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक विरोध करणारा भाग, असतो; त्यामुळे दार बंद असताना 2.2, 4.7 किंवा 5.6 किलोओहम (विरोधाचं माप) असा काहीतरी आकडा दिसायला हवा, आणि दार चार बोटं उघडलं की सर्किट तुटायला हवं. दार बंद असूनही तुटलेलंच दिसलं, तर बहुधा पावसाळ्यात चौकट फुगून चुंबक स्विचपासून लांब गेलाय. दोन स्क्रूंचं काम, तेवढ्यासाठी दोन वर्षं गच्ची उघडी!

बऱ्याच घरांत मात्र दार बंद असताना आकडा शून्याच्या आसपास येतो. तसं दिसलं तर समजा, तो बारीकसा रेझिस्टर (हिरवा, निळा, लाल पट्टे असतील तर 5.6 किलोओहमचा) दाराच्या स्विचपाशी न लावता पॅनलच्या पोटातच खोचलाय. खोटं कशाला बोलू, उमेदवारीत मीही हे केलंय; शिडी चढायची वाचते. पण वाटेत उंदरानं आवरण कुरतडून दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर दार सताड उघडलं तरी पॅनल म्हणणार, सगळं ठीक. रेझिस्टर शेवटच्या टोकाला असेल, तर त्याच शॉर्टला पॅनल लगेच बोंब मारतं. म्हणून नवं पॅनल घेताना त्याला किती किलोओहमचा रेझिस्टर चालतो ते बघून सहाही झोनना तोच, आणि टोकालाच, लावून घ्या. समोर उभं राहून.

मोशन सेन्सर नवा घ्या. जुन्याच्याच चार तारांवर बसतो, दोन 12 व्होल्टच्या, दोन अलार्मच्या. त्याच्या भिंगावरून पाल फिरली तरी रात्री सायरन होतो, तेव्हा ट्यूबलाइटपासून लांब लावा. बॅटरी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची. तीन ते पाच वर्षांत बदलायचीच. पॅनलमध्ये तारीख लिहून ठेवा.

जिन्याखालची जागा मला पटत नाही. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदीच्या पुरानं काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. जंक्शन बॉक्स (तारा जोडायची डबी) घालून पॅनल वरच्या मजल्यावर न्या.

फोनसाठी 4जी सिम चालणारं पॅनल घ्या. दुकानात स्वस्तात पडून असलेलं 2जीचं घेतलंत तर त्यात जिओचं सिम चालणार नाही. नुसत्या वायफायवर राहू नका, लाइट गेली की राउटर झोपतो. आणि सिमचा रिचार्ज! माझ्याच घरचं सिम रिचार्जअभावी बंद पडलं होतं, कळलं दिवाळीत, टेस्ट करताना.

काम संपलं की तुमच्या कोडबरोबर इन्स्टॉलरचा कोडही बदलून घ्या. तो बहुतेक कारखान्यातून आलेलाच राहतो, आणि बसवणाऱ्याला पाठ असतो.