'आतला शेक' आणि 'प्लॅनिंग सीटी'

चोपड्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "मायला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे. बाहेरून लाईट देऊन झाली, आता 'ब्रेकी' करायची म्हणतात. घरात सगळे 'आतला शेक' म्हणतात. त्याआधी परत 'प्लॅनिंग सीटी' सांगितलाय. हा शेकाचाच भाग का? आणि मराठीत म्हणायचं काय?"

ताई, 'ब्रेकी' म्हणजे 'ब्रेकीथेरपी'; गाडीच्या ब्रेकशी, थांबण्याशी तिचा काही संबंध नाही. ग्रीक 'ब्राखिस' म्हणजे आखूड, जवळचं. किरणांचा स्रोत गाठीला लागून ठेवतात, म्हणून मी 'निकट किरणोपचार' लिहितो. 'शेक' मात्र मला पटत नाही. शेक म्हटला की तापवलेली वीट आठवते आणि आतून भाजेल ही भीती बसते. किरण देताना उष्णता जाणवतही नाही. आपल्याकडे 'आतून लाईट देणे' म्हणतात, ते कितीतरी बरं.

सीटीने उपचार होत नाही, पण उपचार कुठे आणि किती द्यायचा हे त्यावरच ठरतं. भूल देऊन आत पोकळ नळ्या बसवतात आणि त्या आत असतानाच सीटी किंवा एमआरआय काढतात. आधीच्या सीटीत गाठ दिसते, नळ्या नसतात. म्हणून तो चालत नाही. स्रोतापासूनचं अंतर दुप्पट झालं की मात्रा साधारण चौथाईवर येते, आणि पुढे मूत्राशय, मागे गुदाशय अगदी खेटून असतात. म्हणून डॉक्टर पडद्यावर सीटीच्या एकेका छेदावर, म्हणजे आडव्या कापाच्या चित्रावर, गाठीच्या आणि या अवयवांच्या कडा गिरवतात. मग इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी धातूचा काही मिलिमीटरचा कण, म्हणजेच किरणांचा स्रोत, नळीत कुठे किती सेकंद थांबवायचा ते ठरतं. पूर्वी एक्स-रेवर काम चाले. १९३८ पासूनचा 'बिंदू ए', म्हणजे गर्भाशयाच्या मुखाजवळचा ठरावीक मापाने काढलेला बिंदू, धरून मात्रा ठरवायची, गाठ लहान असो की मोठी. २००५ च्या सुमारास युरोपातल्या तज्ज्ञांनी एमआरआयवर गाठच आखून मात्रा ठरवण्याच्या शिफारशी दिल्या.

म्हणून प्लॅनिंगला 'नियोजन' चुकीचं नाही, पण मी 'आखणी' म्हणेन. पाया खणण्याआधी फक्की टाकून आखतात, तसंच हे काम आहे. 'आखणीचा सीटी' म्हटलंत तर मायलाही लगेच कळेल.

आणि हेही तिला सांगा: लाईट संपली की कण यंत्रात परत जातो, अंगात काही उरत नाही. घरी आल्यावर नातवंडांना खुशाल जवळ घेऊ दे.