मिळकत कर: मुदत बिलापासून नव्हे, हरकतीच्या निकालापासून मोजतात

सोलापूरच्या पूर्व भागातील एका वाचकांच्या घराच्या तळमजल्यावर पूर्वी चार यंत्रमाग होते. ते विकून झाले आणि तिथे आता त्यांच्या मुलाचा संसार आहे. तरीही महापालिकेच्या विशेष नोटिशीत तळमजला बिगरनिवासी धरून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावरून मिळकत कर ठरतो ते मूल्य, वाढवण्यात आले. त्यांनी मुदतीत लेखी हरकत घेतली, सुनावणीला ते हजर राहिले आणि पुढे हरकत फेटाळल्याचे पत्र टपालाने घरी आले. "आधी बिल येऊ द्या, मग बघू" असे कोणीतरी सांगितल्याने ते थांबले आणि मधल्या काळात त्यांनी फेरविचाराचे अर्ज दिले. आता बिल हाती आहे, पत्र मिळून तीन महिने होत आले आहेत आणि आकारणी मान्य नाही म्हणून त्यांनी कराचा एक रुपयाही भरलेला नाही. बिलाविरुद्ध न्यायालयात जाता येईल का, असे ते विचारतात. याच धर्तीची पत्रे जुळे सोलापूर आणि हद्दवाढ भागातूनही सातत्याने येत असतात.

आकारणी चूक आहे की बरोबर, हा प्रश्न मी क्षणभर बाजूला ठेवतो, कारण आपले प्रकरण त्यावर अडलेले नाही. ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ च्या पोटकलम २ वर अडले आहे. करयोग्य मूल्याविरुद्धचे अपील दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालते. पण आयुक्तांकडे आधी हरकत घेतलेली असेल, ती निकाली निघालेली असेल, अपील पंधरा दिवसांत दाखल झालेले असेल आणि वादग्रस्त कराची अपील दाखल करण्याच्या तारखेपर्यंतची रक्कम आयुक्तांकडे जमा असेल, तरच ते विचारात घेतले जाते. हे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे, हे कलम ४०७ सांगते: हरकत निकाली निघाली त्या दिवसापासून. आपला वाद करयोग्य मूल्याचा आहे, म्हणून बिलाची तारीख आपल्या कामाची नाही. बिलाची वाट पाहण्याचा सल्ला ज्याने दिला त्याने आपले मोठे नुकसान केले. हरकत मुदतीत घेण्याइतकी दक्षता दाखवणाऱ्या गृहस्थांनी निकालाचे पत्र हाती पडल्यावर ते एकदाही वकिलाला दाखवू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. फेरविचाराच्या अर्जांनी ही मुदत थांबत नाही. त्या अर्जांवर उत्तर आले नाही, याचाही आपल्याला कायद्याने काही लाभ नाही.

मार्ग पूर्ण बंद झाला आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागेल आणि त्यात दिवसागणिक कारण मांडावे लागेल. निकाल कोणत्या तारखेला झाला, तो कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला गेला आणि आपल्या हाती कधी पडला, या तीन गोष्टी कागदावर दाखवता आल्या तर न्यायालयापुढे काही सांगण्यासारखे राहते. टपालाचा लिफाफा टाकून दिला नसेल तर तो जपून ठेवा. विलंब माफ होईलच अशी खात्री कोणताही प्रामाणिक वकील देणार नाही.

दुसरी अडचण आपण स्वतः ओढवून घेतली आहे. कर न भरणे हा आकारणीवरचा आक्षेप ठरत नाही. उलट त्यामुळे अपिलाचा रस्ताच अडतो. रक्कम जमा करण्याची ही अट अन्यायकारक आहे, असा युक्तिवाद अनंत मिल्स विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये तो नाकारला. अपिलाचा हक्क कायद्याने दिला असेल तर त्याला अटीही कायदा घालू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा "हक्क राखून भरणा" असे पत्र देऊन रक्कम भरा आणि पावती घ्या. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. एखादी अभय योजना येईल आणि शास्ती माफ होईल, या आशेवर राहू नका. अपील प्रलंबित असताना १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरचे हप्तेही भरत राहा.

आकारणीच्या गुणवत्तेबद्दल आज फार ठामपणे बोलता येणार नाही, कारण मी कागद पाहिलेले नाहीत. माग विकल्याची पावती आणि महावितरणच्या बिलावर यंत्रमागाचा दर जाऊन घरगुती दर लागल्याची तारीख, हे दोन पुरावे सर्वांत उपयोगी ठरतील. पण आपल्या पत्रावरून असे दिसते की मीटर अजून जुन्याच वर्गात आहे. तसे असेल तर तळमजला निवासी आहे हे आपले म्हणणे आपल्याच वीजबिलाने खोडले जाते. मीटरचा वर्ग आधी बदलून घ्या.

कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून थेट रिट याचिका करण्याची ओढ सोलापुरात वाढली आहे. कायद्यात अपिलाची सोय असताना ती वापरली का नाही, हा प्रश्न तिथे पहिल्याच तारखेला विचारला जाण्याची शक्यता मोठी आहे. मनाई हुकमासाठी दिवाणी दावा लावण्याबद्दलही माझे हेच मत आहे. अशा दाव्यात तारखांमागून तारखा पडतात, वर्षे जातात आणि शास्ती मात्र महिन्याच्या महिन्याला वाढत राहते.

विलंबमाफी मिळाली नाही, तर कलम ४१३ नुसार हे मूल्य अंतिम धरले जाईल. पण आकारणीचे पुस्तक, म्हणजे मिळकतींच्या मूल्यांची महापालिकेची नोंदवही, पुढच्या वर्षासाठी तसेच चालू ठेवले, तरी दरवर्षी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, असे कराधान नियमांतील नियम २१ सांगतो. त्या सूचनेतील शेवटच्या तारखेपूर्वी नव्याने लेखी हरकत घ्या. तिने मागील वर्षाचा कर कमी होणार नाही, पण पुढचा होऊ शकतो. आज मात्र निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्या आणि पोचेवर आवक क्रमांक व तारीख आहे ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी तपासा.